देग आणि जाते

मराठी मुसलमानाच्या जेवणाविषयी मराठीत जे काही लिहिले गेले आहे, ते बहुतेक पाहुण्याने लिहिलेले आहे. पाहुणा ईदला येतो, लग्नाला येतो. त्याच्यापुढे शिरखुर्म्याची वाटी येते, बिर्याणीचे ताट येते. तो मनापासून खातो, मनापासून कौतुक करतो आणि घरी जाऊन सांगतो की या लोकांचे खाणे म्हणजे बिर्याणी. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्याच घरात काय शिजते, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. पाहुण्यापुढे अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी ठेवणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात. याचा परिणाम असा झाला की जे खाऊन आपल्या दहा-बारा पिढ्या जगल्या, त्याची नोंद कुठेच नाही. आणि जे वर्षातून चारदा खाल्ले, ती आपली ओळख होऊन बसली. आज लग्नाच्या हॉलमध्ये कंत्राटाने जे जेवण मिळते, ते या गैरसमजाचेच पुढचे रूप आहे, असे मला वाटते.

इतिहास लिहिणारेही एका अर्थी पाहुणेच होते. चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीला आला. मुहम्मद तुघलकाच्या दरबारातल्या मेजवानीचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. पातळ रोट्या, भाजलेल्या मांसाचे मोठे तुकडे, तुपात घोळलेल्या गोड पोळ्या, समोसे, वर कोंबडी ठेवलेला भात, असे एकामागून एक पदार्थ तो मोजत जातो. पण त्याच प्रवासवर्णनात एका ठिकाणी तो सहज सांगून जातो की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवतात, त्यावर तूप घालून खातात आणि रोजची न्याहारी हीच असते. त्याने या पदार्थाचे नाव ‘किशरी’ असे लिहिले आहे. आपली खिचडी. मेजवानीला कितीतरी ओळी आणि खिचडीला दोन-तीन, हे प्रमाण पुढे सगळ्याच इतिहासग्रंथांत कायम राहिले.

तरीही ज्याला शोधायचे आहे त्याला दरबारी ग्रंथांतही साधे जेवण सापडते. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्याची व्यवस्था तपशीलवार दिली आहे. सोन्याचांदीची भांडी तांबड्या कापडात बांधून आणि तांब्याची व चिनी मातीची पांढऱ्या कापडात बांधून, वर मोहोर लावून बादशहापुढे जात. हा थाट सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याने पदार्थांचे तीन वर्ग केले आहेत आणि त्यातला पहिला वर्ग बिनमांसाच्या पदार्थांचा आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. या वर्गाला त्या काळी ‘सूफियाना’ म्हणत. त्यात साधा भात आहे, डाळ आहे, पालेभाजी आहे, वांग्याची भाजी आहे. वांग्यात कांदा, आले, लिंबाचा रस, धणे, मिरे आणि हिंग. मिरचीचा पत्ता नाही, कारण पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेली मिरची अजून उत्तरेच्या स्वयंपाकघरात रुळलेली नव्हती. खिचडीचेही प्रमाण दिले आहे: पाच शेर तांदूळ, पाच शेर मुगाची डाळ आणि पाच शेर तूप! डाळ-तांदळाच्या निम्मे तूप ज्या खिचडीत पडते तिला साधी म्हणायचे का, हा प्रश्न वाचकाने आपल्या घरच्या तुपाच्या डब्याला विचारावा. पण बादशहा शुक्रवारी आणि रविवारी मांस खात नसे आणि त्या दिवशी हेच पदार्थ पुढे येत, हे मात्र खरे. याच ग्रंथात धान्यांचे आणि भाज्यांचे भाव दिले आहेत. त्यात धान्ये रब्बीची वेगळी आणि खरिपाची वेगळी लावली आहेत. म्हणजे साम्राज्याचा हिशेब लिहिणाऱ्यालाही हंगाम सोडून धान्याचा विचार करता येत नव्हता.

जहांगीराची गोष्ट मला अधिक आवडते. १६१८ च्या सुमारास तो गुजरातेत होता. तिथे त्याने बाजरीची खिचडी पहिल्यांदा खाल्ली. ती त्याला मानवली आणि आवडलीही. मांस वर्ज्य असलेल्या दिवशी ही खिचडी आपल्यापुढे आणत जावी, असा त्याने हुकूम केला आणि हे सारे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. हिंदुस्थानचा बादशहा कुणब्याच्या ताटातले धान्य चाखून ते चांगले आहे असे लिहितो, यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्याला मात्र वाटतो.

औरंगजेबाचा उल्लेख केल्याशिवाय महाराष्ट्रात मुसलमानांविषयीचा कोणताच लेख पुरा होत नाही, तेव्हा तोही करून टाकतो. त्याची पत्रे प्रसिद्ध आहेत. एका पत्रात तो आपल्या मुलाला हिवाळ्यात त्याच्याकडे खाल्लेल्या खिचडीची आणि बिर्याणीची आठवण करून देतो. बिर्याणी करणारा जो आचारी मुलाने सोडला नाही, त्याचा एखादा शागीर्द तरी पाठवून दे, अशी विनवणी करतो. हिवाळ्यातली खिचडी असे त्याने लिहिले आहे, नुसती खिचडी नव्हे. कोणत्या ऋतूत काय चवदार लागते हे त्याला ठाऊक होते.

पण दरबार सोडून आपण खानकाहकडे वळलो तर चित्र पुरते बदलते. अजोधनला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या पाकपट्टणला, बाबा फरीदांच्या जमातखान्यात करीलाच्या काटेरी झुडपाची फळे उकडून खाल्ली जात. त्यांना तिकडे ‘डेला’ म्हणतात. कोणी सरपण आणायचे, कोणी डेला तोडून आणायचा, कोणी पाणी भरायचे. शिजवण्याचे काम तरुण निजामुद्दीनांकडे होते. एकदा मीठ नव्हते म्हणून त्यांनी ते वाण्याकडून उधारीवर आणले. बाबा फरीदांनी घास उचलला आणि तो जड लागतो म्हणून परत ठेवला. मीठ उधारीचे आहे हे कळल्यावर त्या दिवशी ते अन्न त्यांनी खाल्ले नाही. चिश्ती परंपरेत हा किस्सा पिढ्यान्पिढ्या सांगितला गेला. याच निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दौलताबादला आले, १३३७ मध्ये वारले आणि खुलदाबादला त्यांची दर्गाह झाली. दख्खनमध्ये जो इस्लाम रुजला त्याच्या मुळाशी हे उकडलेले फळ आणि हा मिठाचा हिशेब आहे.

आणि जातेही आहे. विजापूरच्या सूफींनी ‘चक्कीनामा’ नावाचा काव्यप्रकार दख्खनी भाषेत रचला. बाया दळायला बसत तेव्हा ही गीते म्हणत. जात्याचा खुंटा अलिफ अक्षरासारखा सरळ उभा, म्हणून त्याला धरायचे म्हणजे अल्लाहला धरायचे, अशी त्यातली कल्पना. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने १९७८ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले की दख्खनच्या खेड्यापाड्यांत इस्लामचे विचार पोहोचले ते मोठ्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून नव्हे, तर बायकांच्या तोंडच्या या दळणाच्या आणि सूत कातण्याच्या गाण्यांतून. आमच्या शेजारणी जात्यावर ओव्या म्हणत होत्या आणि आमच्या आज्या चक्कीनामा. जाते सारखेच होते, त्यात पडणारी ज्वारीही सारखीच होती. देगीचा इतिहास बादशहांनी लिहवून घेतला. जात्याचा इतिहास बायांच्या गळ्यात राहिला आणि पिठाची गिरणी आली तेव्हा त्यातला बराचसा विरून गेला.

मग घरात खाल्ले काय जायचे? मराठवाड्यापुरते मी खात्रीने सांगू शकतो, कारण मी तिथेच जेवलो आहे. मृगाचा पाऊस पडला की तांदुळजा, घोळ, पाथरी अशा रानभाज्या येत. त्या विकत आणायच्या नसत, बांधावरून खुडायच्या असत. पावसाळ्याच्या शेवटी अंबाडी येई. अंबाडीत थोडी डाळ, थोड्या ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी. महिन्यातून एकदा घरात गोश्त आले तर तेही याच अंबाडीत पडायचे. पाव किलो गोश्तात दहा माणसे जेवायची तर भाजी ही हवीच. अंबाडीचे गोश्त, चुक्याचे गोश्त, मेथीचे गोश्त, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचे गोश्त, ही सगळी नावे ऋतूंची आहेत. थंडीत वालाच्या शेंगा, ओला हरभरा आणि गाजरे. चैत्रात चिंचेला कोवळी पालवी फुटली की पोरांना झाडावर चढवायचे. त्या पाल्याला चिगूर म्हणतात. तो दोन्ही तळहातांवर चोळून त्यातल्या काड्या काढायच्या आणि गोश्तात किंवा तुरीच्या डाळीत घालायचा. चिगूर जेमतेम काही आठवडे मिळतो. पान जून झाले की संपले. हैदराबादच्या मोठ्या घराण्यांत चिगूर-गोश्त खास पदार्थ म्हणून मिरवते, पण झाड नवाबाच्या वाड्यातही चिंचेचेच होते आणि आमच्या वाडीतही. त्यानंतर कैऱ्या येत आणि डाळीतली चिंच सुट्टीवर जाई. आमच्या अम्मा म्हणत, कैरी असताना चिंच घालणारी बाई आळशी. रागावण्यासारखे त्यांना जगात दुसरे काही सापडत नसे असे नाही, पण या बाबतीत त्या कोणाचे ऐकत नसत.

कोकणातल्या मुसलमानांचे घर वेगळे. तिथे ज्वारीच्या जागी तांदळाची भाकरी, चिंचेच्या जागी कोकम, गोश्तापेक्षा मासळी जास्त. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की सोडे, जवळा, सुके बोंबील यांवर दिवस काढायचे आणि वांगी, शेवग्याच्या शेंगा किंवा फणसाच्या आठळ्या त्यांच्या जोडीला घालायच्या. रत्नागिरीच्या मुसलमान बाईला आणि बीडच्या मुसलमान बाईला एकमेकींच्या स्वयंपाकघरात सोडले तर दोघींची पंचाईत होईल. शेजारच्या हिंदू बाईच्या स्वयंपाकघरात मात्र दोघींचे हात बरोबर चालतील. मुसलमानांचे म्हणून एकच एक जेवण असते, ही समजूत या एका गोष्टीने खोटी ठरते.

याचा अर्थ मोठ्या दावतीचे जेवण नेहमीच वाईट होते असा नाही. उलट, औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नान-कलियाचेच पाहा. १३२७ मध्ये तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराला एकाच वेळी जेवू घालण्यासाठी हा पदार्थ तयार झाला, असे तिथे सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, पदार्थाची घडण शेकडो माणसांच्या पंगतीसाठीच आहे. जमिनीतल्या तंदूरमधून नान निघतात, तांब्याच्या मोठ्या देगीत लाल तर्रीचा कलिया उकळत असतो आणि दस्तरखानावर माणसे बसली की दोन्ही गरम गरम पुढे येतात. पदार्थ दोनच. कुठे काही लपवायला जागा नाही. बिघडले तर सगळ्यांना एकदम कळते.

मराठवाड्यातल्या खेड्यांत आणि सोलापूरकडे लग्नाला बगारा खाना आणि दालचा असे. दालचा म्हणजे डाळीत शिजवलेले गोश्त आणि दुधी. उन्हाळ्यात त्यात कैरी, एरवी चिंच. तांदूळ, डाळ, मसाला यजमान स्वतः बाजारात फिरून आणी. देगी जमातीच्या असत. त्या जमातीच्या खोलीतून न्यायच्या आणि घासून परत करायच्या. गरीब असो की श्रीमंत, देग तीच. आदल्या रात्री बावर्ची येई, सामान हाताने चाचपून पाही, तांदूळ जुना आहे की नवा हे दातांखाली धरून ठरवी आणि मग पाण्याचा अंदाज बांधी. गल्लीतल्या बाया लसूण सोलत बसत. बावर्चीला कोणासाठी शिजवतो हे माहीत असे, कारण उद्या त्याच गल्लीतून त्याला जायचे असे.

हे कधी बदलले? एकच तारीख सांगता येणार नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत कामे निघाली. कोकणातून आणि पुढे इतर भागांतूनही माणसे तिकडे गेली आणि तो पैसा सर्वांत आधी लग्नाच्या मंडपात दिसू लागला. साधारण त्याच काळात ब्रॉयलर कोंबडीचा धंदा महाराष्ट्रात वाढला. मोजून, एकसारखे, वर्षभर मिळणारे मांस हाताशी आले. शहरात घरे लहान झाली, दारापुढे मांडव घालायला जागा उरली नाही. शादीखाने निघाले आणि शादीखान्याबरोबर कंत्राटही आले. मग २०१५ मध्ये बैल आणि वळूच्या कत्तलीवर राज्यात बंदी घालणारा कायदा लागू झाला. तो कायदा बरा की वाईट यावर पुष्कळ लिहिले गेले, पण स्वयंपाकघराच्या बाजूने कोणी लिहिले नाही. गरिबाच्या दावतीतले परवडणारे मांस गेले. म्हशीचे मांस कायद्याने चालते, पण ते नेणाराही भीत भीत नेऊ लागला. बकऱ्याचे मटण आवाक्यात नव्हतेच. उरली ब्रॉयलर कोंबडी. दालच्याची आणि कलियाची देग उतरली आणि सगळीकडे एकच चिकन बिर्याणी चढली. लोक म्हणतात, बिर्याणी ही आमची परंपरा. दावतीच्या ताटात ती एवढी सार्वत्रिक झाली, त्याला एका माणसाचे आयुष्यही पुरे झालेले नाही.

या कंत्राटी जेवणाची चव का लागत नाही, याची कारणे गूढ नाहीत. भाव ताटावर ठरतो. त्यामुळे आचाऱ्याचे लक्ष चवीपेक्षा ताटांच्या संख्येवर असते. निकाह दुपारी असला तरी बिर्याणी सकाळीच दम देऊन झाकलेली असते. वाफेत बसून तांदूळ वर कोरडा आणि खाली लगदा होतो. कांदा तळलेला विकत येतो, आले-लसणाचे वाटण डब्यातून येते, केशराचे काम रंगाची पुडी करते. एकाच मसाल्यात कोंबडी टाकली की एक पदार्थ, पनीर टाकले की दुसरा. मे महिन्यात फुलकोबी असते, जूनमध्ये गाजराचा हलवा असतो आणि ताज्या आंब्याच्या दिवसांत डब्यातल्या आंब्याची बर्फी असते. पंधरा पदार्थांची रांग आणि त्यातला एकही लक्षात राहणारा नाही. माणसे हातात ताट घेऊन उभी असतात. अर्धे खाल्लेले ताट टोपलीत जाते. बायकांच्या दालनात जेवण पोहोचेपर्यंत बहुधा भांड्याचा तळ लागलेला असतो.

आचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो पुष्कळदा त्याच जुन्या बावर्ची किंवा भटियारा घराण्यातला असतो. त्याला नान-कलिया येतो, दालचा येतो. तो मागणारे कोणी नसते. आणि हेही स्पष्ट सांगतो की जुन्या दावतीसाठी रात्रभर लसूण सोलणाऱ्या बायांना पुन्हा तिथे बसवावे, असे मला मुळीच वाटत नाही. त्या बसल्या होत्या म्हणून ते जेवण चवदार होते, पण त्यांना त्याची मजुरी कोणी दिली नव्हती. तक्रार वेगळी आहे. आज हे बेचव जेवण कर्ज काढून दिले जाते. मुलीचा बाप हजार ताटांचा आकडा ऐकून दागिना गहाण टाकतो किंवा व्याजाने पैसे उचलतो, आणि त्यातून जे येते ते खाऊन पाहुणे घरी जाऊन पुन्हा जेवतात. ज्या परंपरेत उधारीच्या मिठामुळे घास खाली ठेवला गेला, तिचे नाव सांगणारे लोक हे करतात.

धर्माचा आधार शोधायचा तर तो उलट बाजूला सापडतो. खैबरहून परतताना, इ.स. ६२८ मध्ये, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत सफिया यांच्याशी विवाहानंतर जो वलीमा दिला, त्यात रोटी नव्हती आणि मांसही नव्हते. जमिनीवर कातडे अंथरले गेले आणि त्यावर खजूर, सुकवलेले दही आणि तूप आले. बरोबरच्या लोकांकडे प्रवासात जे होते ते. श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळले जाते तो वलीमा सर्वांत वाईट, अशी हदीसही आहे. आणखी एक प्रसंग हजरत अनस सांगतात. मदीनेत एका शिंप्याने प्रेषितांना जेवायला बोलावले. जवाची भाकरी आणि दुधी व सुकवलेले मांस घातलेला रस्सा एवढेच त्याने केले होते. प्रेषित ताटातले दुधीचे तुकडे शोधून शोधून खात होते. अनस म्हणतात, त्या दिवसापासून मलाही दुधी आवडू लागला. आमच्या दालच्यात दुधी का पडायचा, हे जुन्या बाया याच हदीसवरून सांगत. शादीखान्याच्या यादीत दुधी नाही. स्वस्त भाजी आहे, ताटाचा भाव वाढवत नाही.

दलित लेखकांनी आपल्या स्वयंपाकघराची नोंद करून ठेवली. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आले आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजत होते ते अक्षरांत आले. वाचताना मला पानोपानी आमची चूल दिसत होती. चिगूर कसा चोळायचा, अंबाडीला किती उकळी द्यायची, उन्हात वाळवलेले ईदचे गोश्त पावसाळ्यात कशात घालायचे, हे ज्यांना येते त्या बाया आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहिता येत नाही, आणि ज्यांना लिहिता येते त्या मुलींना हे कोणी विचारायला पाठवत नाही.

अलीकडे एक गोष्ट मात्र लग्नघरांत पाहतो. वलीमा हॉलमध्ये होतो. बाहेरगावचे पाहुणे रात्री घरी मुक्कामाला राहतात. सकाळी सगळ्यांची तोंडे जड असतात, कोणाला काही नको असते. मग घरातली एखादी वयस्कर बाई न विचारता उठते, मसुराची खिचडी चढवते आणि तीळ, शेंगदाणे वाटून चिंचेच्या कोळात खट्टा कालवते. कच्चाच, न शिजवता, वर बारीक चिरलेला कांदा आणि हिरवी मिरची. सतरंजी तिथेच असते. आदल्या रात्री हॉलमध्ये दोन घास खाऊन हात धुतलेली माणसे मांडी घालून बसतात आणि खिचडीचे पातेले दुसऱ्यांदा चढवावे लागते.